स्टार्टप्रोजेक्ट ते पहिलं मायग्रेट

'जँगो-अ‍ॅडमिन स्टार्टप्रोजेक्ट' ही, पायथनमधल्या जँगो ह्या वेब फ्रेमवर्कचा नवा प्रकल्प सुरू करणारी, कमांड चालवली की टर्मिनलवर काहीच उमटत नाही. एंटर दाबायचं, आणि क्षणात प्रॉम्प्ट पुन्हा समोर. काम झालं की नाही, एवढंही ती सांगत नाही. युनिक्सची ही जुनी रीत: सगळं नीट पार पडलं तर गप्प राहायचं, बोलायचं ते काही अडलं तरच. पण त्या गप्प क्षणात एक चालतं वेब अ‍ॅप्लिकेशन तयार झालेलं असतं, आणि त्यात बरेच निर्णयही घेऊन झालेले असतात.

जँगोत मी बरीच वर्षं काम करते आहे, पण ते दुसऱ्यांनी उभ्या केलेल्या प्रकल्पांत. सेटिंग्ज आधीच लिहिलेल्या, टेबलं आधीच भरलेली, आपण फक्त आपल्या वाट्याचं काम करायचं. ह्या वेळी सुरुवात रिकाम्या फोल्डरपासून होती. आमच्या वाचनगटाची पुस्तकं सभासदांमध्ये फिरत असतात, आणि कुठलं पुस्तक सध्या कोणाकडे आहे ह्याची नोंद ठेवणारं काहीतरी हवं होतं. काम आटोपशीर होतं, घाई नव्हती. म्हणून मी ठरवलं की कमांडने तयार केलेली प्रत्येक फाइल वाचल्याशिवाय पुढची कमांड द्यायची नाही. नव्या प्रकल्पातले जे निर्णय मागाहून बदलणं सर्वांत अवघड, ते पहिलं मायग्रेट, म्हणजे डेटाबेसमध्ये टेबलं उभी करणारी कमांड, चालवण्याच्या आधीचे असतात. तेवढा टप्पा सावकाश चालण्यासारखा आहे, एवढंच मला इथे सांगायचं आहे.

(सगळ्या कमांड मी इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.)

जँगो बसवण्याआधी व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे ह्या प्रकल्पापुरतं वेगळं ठेवलेलं पायथन. हल्ली डेबियन किंवा उबुंटूवर थेट 'पिप इन्स्टॉल' करू गेलं तर पिप, म्हणजे पायथनची पॅकेजेस बसवणारं साधन, साफ नकार देतं आणि हे पायथन बाहेरून सांभाळलं जातं असा संदेश दाखवतं. नव्याने शिकणाऱ्यांना हा अडथळा वाटतो, पण नकार रास्त आहे. ऑपरेटिंग सिस्टिमची स्वतःची कितीतरी कामं त्याच पायथनवर चालतात. आपण त्यातलं एखादं पॅकेज वरखाली केलं तर आपल्या प्रकल्पाशी संबंध नसलेलं काहीतरी बंद पडू शकतं. 'पायथन -एम व्हीएन्व्ह' ही सोय २०१२ सालच्या पायथन ३.३ पासून भाषेबरोबरच येते, वेगळं काही बसवावं लागत नाही.

ती चालवल्यावर जे फोल्डर तयार होतं ते मी उघडून पाहिलं. आत पायथनकडे बोट दाखवणारा एक दुवा, एक छोटी कॉन्फिगरेशन फाइल आणि पॅकेजेससाठी जवळपास रिकामी जागा. 'अ‍ॅक्टिव्हेट' केल्यावर मुख्यतः एकच गोष्ट घडते: ह्या फोल्डरातल्या प्रोग्रॅम ठेवायच्या जागेचा पत्ता पाथच्या, म्हणजे कमांड कुठे शोधायच्या त्या, यादीत सर्वांत पुढे जाऊन बसतो. त्यामुळे 'पायथन' म्हटलं की आधी इथलं पायथन सापडतं. अ‍ॅक्टिव्हेट न करता आतल्या पायथनचा पूर्ण पत्ता देऊन कमांड चालवली तरी ती तशीच चालते. एवढं कळलं की 'मॉड्यूल सापडत नाही' ही तक्रार आली तर कुठे बघायचं हे आपोआप समजतं.

'पिप इन्स्टॉल जँगो'ने जँगोबरोबर आणखी दोनच पॅकेजेस आणली, एएसजीआयरेफ आणि एसक्यूएलपार्स. विंडोजवर टाइमझोनच्या माहितीचं एक जास्त येतं. इतक्या मोठ्या फ्रेमवर्कला बाहेरची एवढीच मदत लागते ह्याचं मला मनापासून कौतुक वाटतं. आवृत्ती मी ५.२ घेतली. एप्रिल २०२५ मध्ये आलेली ही दीर्घ मुदतीची आवृत्ती आहे, आणि तिला एप्रिल २०२८ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहणार आहेत. फावल्या वेळात सांभाळायच्या अ‍ॅपसाठी नवी वैशिष्ट्यं सर्वांत आधी मिळण्यापेक्षा हे जास्त कामाचं.

मग मुख्य कमांड. मी लिहिली ती अशी: 'जँगो-अ‍ॅडमिन स्टार्टप्रोजेक्ट कॉन्फिग .' शेवटी एक जागा सोडून टिंब आहे, आणि ते महत्त्वाचं आहे. टिंब दिलं नाही तर 'कॉन्फिग' नावाचं फोल्डर आणि त्याच्या आत पुन्हा 'कॉन्फिग' अशी दुहेरी रचना होते. टिंब दिलं की बाहेरचं फोल्डर म्हणजे आपण उभे आहोत तेच. प्रकल्पाच्या नावात जोडरेघ चालत नाही, कारण ते नाव पायथनचं पॅकेज होणार असतं. 'टेस्ट' किंवा 'जँगो' अशी आधीच वापरात असलेली नावंही कमांड नाकारते. मी प्रकल्पाच्या विषयाचं नाव न देता 'कॉन्फिग' दिलं. आतल्या पॅकेजमध्ये फक्त मांडणीच्या फाइली राहणार, विषयाचा कोड वेगळ्या भागात, म्हणजे अ‍ॅपमध्ये जाणार. नाव पाहिल्याबरोबर तिथे काय आहे ते कळावं.

ही मांडणी पहिल्यापासून अशी नव्हती. मार्च २०१२ मध्ये आलेल्या जँगो १.४ च्या आधी 'मॅनेज.पाय' ही फाइल प्रकल्पाच्या पॅकेजच्या आतच असायची. ती प्रकल्पाचं फोल्डर आणि त्याच्या वरचं फोल्डर अशी दोन्ही पायथनच्या शोधयादीत घालायची. परिणामी एकच मॉड्यूल दोन वेगवेगळ्या नावांनी आयात होऊ शकायचं, आणि पायथनच्या लेखी ती दोन वेगळी मॉड्यूल्स ठरायची. त्यातून निघणारे दोष शोधणं किती त्रासाचं असेल ह्याची कल्पना करता येते. 'मॅनेज.पाय' एक पायरी वर आणून तो घोळ संपवला गेला. आज बाहेर एकटीच दिसणारी ती फाइल तिथे का आहे, त्याचं कारण हे.

आता कमांडने काय केलं होतं ते. बाहेर 'मॅनेज.पाय', आणि आत पाच फाइली: रिकामी इनिट फाइल, 'सेटिंग्ज', 'यूआरएल्स', 'डब्ल्यूएसजीआय' आणि 'एएसजीआय' (ह्या शेवटच्या दोन वेब सर्व्हरशी जोडणाऱ्या). बाकी काही नाही. ह्या फाइली येतात कुठून हे पाहायला मी बसवलेल्या जँगोच्या फोल्डरमध्ये शिरले. तिथे 'कॉन्फ' नावाच्या फोल्डरात 'प्रोजेक्ट टेम्प्लेट' म्हणून त्यांचे साचे ठेवलेले आहेत, ह्याच नावांनी, फक्त शेवटी 'टीपीएल' जोडलेलं. वेब पानांसाठी जे टेम्प्लेट इंजिन जँगो वापरतं, त्याच इंजिनातून हे साचे काढले जातात. प्रकल्पाचं नाव, जँगोची आवृत्ती आणि गुप्त किल्ली एवढ्याच जागा भरल्या जातात. स्टार्टप्रोजेक्ट ह्यापलीकडे काही करत नाही. साचा आपला स्वतःचाही देता येतो, त्यासाठी 'टेम्प्लेट' हा पर्याय आहे. हे बघितल्यावर त्या तयार फाइलींबद्दलचा माझा दबकेपणा गेला. त्या पवित्र नाहीत, कोणीतरी विचार करून लिहिलेली सुरुवात आहे, आणि पटत नसेल तिथे बदलायची मोकळीक आहे.

'मॅनेज.पाय' जेमतेम वीसेक ओळींची आहे, जरूर वाचा. कोणत्या सेटिंग्ज वापरायच्या हे ती एका एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रॅमला कोडच्या बाहेरून मिळणाऱ्या मूल्यात) लिहिते आणि पुढचं सगळं जँगोवर सोपवते. पण ती लिहिते 'सेटडिफॉल्ट' वापरून. म्हणजे ते व्हेरिएबल आधीच भरलेलं असेल तर ती त्याला हात लावत नाही. एकाच यंत्रावर दोन प्रकल्प असतील आणि त्यांपैकी एकासाठी ते कायमचं भरून ठेवलं असेल, तर दुसरा प्रकल्प पहिल्याच्या सेटिंग्ज शोधत बसेल. एका शब्दाची निवड, पण परिणाम केवढा. त्याच फाइलमध्ये जँगो सापडलं नाही तर दाखवायचा संदेशही आहे, आणि त्यात 'व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट चालू करायचं विसरलात का?' असा प्रश्न आहे. दमलेल्या माणसाला नेमकं काय विचारावं हे ज्याला सुचलं, त्याचे आभार.

'सेटिंग्ज' वाचायला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि तो लागायलाच हवा. गुप्त किल्ली 'जँगो-इनसिक्युअर-' अशा उपसर्गाने सुरू होते आणि पुढे ५० यादृच्छिक चिन्हं असतात. हा उपसर्ग ३.२ पासून आला. ही किल्ली फक्त डेव्हलपमेंटपुरती आहे, ती खऱ्या सर्व्हरवर नेऊ नका, असं ती स्वतःच्या नावातच सांगते. तिच्या आधारावर सह्या होतात: पासवर्ड बदलण्यासाठी पाठवलेल्या दुव्याचं टोकन, सही केलेल्या कुकी वगैरे. किल्ली दुसऱ्याच्या हाती लागली तर तोही तशाच सह्या करू शकतो.

इथे माझी एक तक्रार आहे. कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटला काय वगळायचं ते सांगणारी 'गिटइग्नोर' फाइल स्टार्टप्रोजेक्ट तयार करत नाही. रूबी ऑन रेल्स ह्या दुसऱ्या वेब फ्रेमवर्कमध्ये 'रेल्स न्यू' म्हटलं की गिटचं भांडारही तयार होतं आणि काय वगळायचं ती यादीही. जँगो हे सगळं आपल्यावर सोडतं. त्यामुळे पहिल्याच कमिटमध्ये, म्हणजे गिटमधल्या नोंदीत, किल्ली आणि डेटाबेसची फाइल दोन्ही आत जाण्याची वाट मोकळी राहते. गिटचा इतिहास सहजी पुसता येत नाही, पुढच्या कमिटमध्ये किल्ली काढली तरी मागच्या कमिटमध्ये ती राहतेच. म्हणून कोडला हात लावण्याआधी मी वगळायच्या गोष्टींची फाइल लिहिली आणि किल्ली एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमधून वाचायची सोय केली. मगच पहिलं कमिट. उपसर्ग लावण्याइतकी काळजी घेणाऱ्यांनी ही चार ओळींची फाइलही द्यायला हवी होती, असं मला ठामपणे वाटतं.

बाकीच्या सेटिंग्जमध्ये सहा तयार अ‍ॅप्स, सात मिडलवेअर (प्रत्येक विनंती ज्यांतून जाते ते थर), एसक्यूएलाइट डेटाबेस, पासवर्ड तपासणारे चार नियम. मिडलवेअरचा क्रम महत्त्वाचा आहे. लॉगिन केलेला माणूस कोण हे ओळखणारं मिडलवेअर सेशनच्या मिडलवेअरनंतरच यायला हवं, कारण ओळख सेशनमध्ये साठवलेली असते. यादी वरून खाली वाचली की विनंती कुठल्या वाटेने आत येते ते दिसतं. प्रतिसाद त्याच वाटेने उलटा, खालून वर जातो.

मग 'पायथन मॅनेज.पाय रनसर्व्हर'. ब्राउझरमध्ये ८००० पोर्टवर रॉकेटचं चित्र दिसतं आणि स्थापना यशस्वी झाल्याचं अभिनंदन. टर्मिनलवर मात्र लाल अक्षरांत सूचना येते की १८ मायग्रेशन्स (टेबलांतल्या बदलांच्या फाइली) लागू व्हायची आहेत, ती होईपर्यंत प्रकल्प नीट चालेलच असं नाही, 'मायग्रेट' चालवा. ह्याच वेळी फोल्डरमध्ये शून्य बाइटची डेटाबेस फाइल आलेली दिसते. मायग्रेशन्स तपासायला जँगोने डेटाबेस उघडला, आणि एसक्यूएलाइट नसलेली फाइल उघडताना ती निर्माण करतो.

लाल अक्षरं दिसली की हात आपसूक 'मायग्रेट' टाइप करायला जातो. इथे थांबायचं.

आधी 'शोमायग्रेशन्स' चालवून ती १८ कुठली ते पाहिलं. अ‍ॅडमिनची ३, लॉगिन सांभाळणाऱ्या ऑथची १२, कंटेंटटाइप्सची २ आणि सेशन्सचं १. ऑथच्या बारांची नावं एकाखाली एक वाचत जाणं हा माझ्यासाठी ह्या सगळ्यातला सर्वांत आनंदाचा भाग होता. आठवं मायग्रेशन यूझरनेमची लांबी वाढवतं, नववं आडनावाची, बारावं पहिल्या नावाची. पूर्वी ह्या तिन्हींना ३० अक्षरांची मर्यादा होती. यूझरनेमची मर्यादा १.१० मध्ये १५० झाली, आडनावाची २.० मध्ये, पहिल्या नावाची ३.१ मध्ये. जगातल्या माणसांची नावं ३० अक्षरांत मावत नाहीत हे फ्रेमवर्कला टप्प्याटप्प्याने मान्य करावं लागलं, आणि त्याची नोंद आजही प्रत्येक नव्या प्रकल्पात पहिल्या दिवशी पुन्हा पार पडते.

थांबण्याचं कारण ह्या ऑथमध्येच आहे. जँगोचं तयार यूझर मॉडेल (वापरणाऱ्यांच्या टेबलाचं पायथनमधलं वर्णन) चांगलं आहे, पण त्यात ईमेल रिकामा चालतो आणि दोन खात्यांचा ईमेल एकच असला तरी हरकत नसते. वाचनगटात माणसाची ओळख ईमेलनेच होते, त्यामुळे मला तो एकमेव हवा होता. आज नाही तर उद्या सभासदाबद्दल आणखी काही साठवावंसं वाटणारच. जँगोची अधिकृत मार्गदर्शिका सांगते की नव्या प्रकल्पात स्वतःचं यूझर मॉडेल घ्यायचं असेल तर ते पहिलं मायग्रेट चालवण्याच्या आधी घ्या.

आधी का, ते समजून घेण्यासारखं आहे. मायग्रेट चाललं की यूझरचं टेबल तयार होतं आणि दुसरी टेबलं त्याला फॉरेन कीने, म्हणजे त्याच्या ओळींकडे बोट दाखवणाऱ्या स्तंभांनी, बांधली जातात. अ‍ॅडमिनमध्ये कोणी काय बदल केला ते नोंदवणारं टेबल यूझरला जोडलेलं असतं, गट आणि परवानग्यांची जोडटेबलं असतात. त्यानंतर मॉडेल बदलायचं म्हणजे हे सगळे धागे हाताने सोडवून नव्या टेबलाला बांधायचे, मायग्रेशन्सचा इतिहास दुरुस्त करायचा, आणि तोवर साठलेला खरा डेटा जपायचा. जँगो हे आपोआप करून देत नाही. दुसऱ्यांच्या प्रकल्पांत मी हे काम होताना पाहिलं आहे, आणि रिकाम्या डेटाबेसवर त्यासाठी जेमतेम पाच ओळी पुरतात हे मला त्यामुळेच ठाऊक होतं.

'पायथन मॅनेज.पाय स्टार्टअ‍ॅप मेंबर्स' म्हटलं. हीसुद्धा साच्यांवरच चालते: मॉडेल्स, व्ह्यूज, अ‍ॅडमिन, अ‍ॅप्स, टेस्ट्स अशा फाइली आणि मायग्रेशन्ससाठी फोल्डर. यूआरएल्सची फाइल मिळत नाही, आणि अ‍ॅपचं नाव सेटिंग्जच्या यादीत आपोआप घातलं जात नाही. ते हाताने लिहायचं. रेल्सचे जनरेटर तुमच्या फाइलींमध्ये शिरून ओळी घालतात, जँगो एकदा तयार झालेल्या फाइलीला हात लावत नाही. काहींना हे कंटाळवाणं वाटतं, मला आवडतं. माझ्या फाइलीत जे आहे ते मी लिहिलं आहे, हा भरवसा राहतो.

मॉडेलमध्ये 'अ‍ॅब्स्ट्रॅक्टयूझर'पासून एक वर्ग काढला, त्यात ईमेलचं फील्ड एकमेव करून पुन्हा लिहिलं, बस. सेटिंग्जमध्ये ऑथ यूझर मॉडेल म्हणून त्याचं नाव दिलं. अ‍ॅप यादीत घालण्याआधी मुद्दाम 'चेक' चालवून पाहिलं, तेव्हा जँगोने स्पष्ट सांगितलं की तुम्ही नेमलेलं यूझर मॉडेल इन्स्टॉल केलेलं नाही. चूक झाल्यावर कुठला संदेश येतो हे शांतपणे आधीच पाहून ठेवलेलं बरं असतं. खऱ्या गडबडीत तो लगेच ओळखता येतो. अ‍ॅप यादीत घातलं, 'चेक'ने काही अडचण नसल्याचं सांगितलं.

'मेकमायग्रेशन्स' आणि 'मायग्रेट' ह्या दोघांतला फरक नव्या माणसाला सर्वांत जास्त गोंधळात टाकतो. पहिली कमांड डेटाबेसमध्ये काहीही बदलत नाही. ती तुमची मॉडेल्स पाहते, मागच्या मायग्रेशन्सशी ताडून पाहते आणि फरकाची एक पायथन फाइल लिहिते. ती फाइल वाचता येते, बदलता येते, गिटमध्ये ठेवायची असते. दुसरी कमांड त्या फाइली डेटाबेसवर लागू करते. मेंबर्सचं पहिलं मायग्रेशन उघडलं तर सुरुवातीलाच अवलंबनात ऑथचं ते बारावं मायग्रेशन दिसलं, पहिल्या नावाची लांबी वाढवणारं.

ही सोय २०१४ च्या जँगो १.७ मध्ये आली. त्याआधी साउथ नावाचं वेगळं पॅकेज त्यासाठी वापरलं जाई. ते लिहिणाऱ्या अँड्र्यू गॉडविन यांनीच पुढे जँगोच्या आतली मायग्रेशन्स घडवली. त्याआधीच्या काळात टेबलात एक स्तंभ वाढवायचा तर एसक्यूएल हाताने लिहावं लागे.

'एसक्यूएलमायग्रेट' लागू होणारं एसक्यूएल आधी दाखवतं, तेही वाचलं. मगच 'मायग्रेट'. एकामागून एक ओळी आल्या, प्रत्येकीपुढे हिरवं 'ओके'. जँगोचं मूळ यूझर टेबल तयार झालंच नाही, त्याच्या जागी मेंबर्सचं टेबल होतं. टप्पा पार पडला.

'क्रिएटसुपरयूझर' नाव आणि ईमेल विचारतं, पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच दिसत नाही. आठपेक्षा कमी अक्षरं, नुसते आकडे, यूझरनेमशी साम्य, किंवा २०,००० सर्रास वापरल्या जाणाऱ्या पासवर्डांच्या यादीतला एखादा, असं काही दिलं तर ते हरकत घेतं. साठवताना पासवर्डवर एसएचए-२५६ वर आधारलेली पीबीकेडीएफ२ ही पासवर्डचं न उलटवता येणारं रूप बनवणारी प्रक्रिया ५.२ मध्ये १० लाख फेऱ्यांनी होते. ५.१ मध्ये त्या ८ लाख ७० हजार होत्या. संगणक वेगवान होत जातात तसा जँगो हा आकडा वाढवत नेतो, म्हणजे चोरीला गेलेल्या डेटाबेसवरून पासवर्ड ताडणं तितकंच महाग राहतं. एका वाचनगटाच्या अ‍ॅपला हे काही न करता मिळालं.

आता विषयाचं अ‍ॅप. पुस्तक आणि देवघेव अशी दोन मॉडेल्स. देवघेवीत पुस्तक, नेणारा सभासद, नेल्याची तारीख आणि परत आल्याची तारीख. शेवटची रिकामी असेल तर पुस्तक बाहेर आहे. सभासदाकडे जाणारी फॉरेन की लिहिताना मॉडेलचं नाव थेट न लिहिता सेटिंग्जमधलं नाव वापरलं, तीच शिफारस आहे.

फॉरेन कीला 'ऑन डिलीट' द्यावंच लागतं. २.० च्या आधी ते दिलं नाही तर जँगो मुकाट 'कॅस्केड' धरायचा, म्हणजे सभासद काढला की त्याच्या सगळ्या नोंदी गायब. विचार करा: गट सोडून जाणाऱ्या सभासदाकडे पुस्तक आहे, आपण त्याचं खातं काढतो, आणि पुस्तक कोणाकडे आहे ह्याचा एकमेव पुरावा त्याच क्षणी नाहीसा होतो. म्हणून 'प्रोटेक्ट' दिलं. नोंदी आहेत तोवर खातं काढताच येत नाही. हा प्रश्न विचारणं सक्तीचं केलं हे फार चांगलं झालं.

दुसरा नियम ह्याहून महत्त्वाचा: एक पुस्तक एका वेळी दोघांकडे असू शकत नाही. हे व्ह्यूमध्ये (विनंतीला उत्तर देणाऱ्या कोडमध्ये) तपासता येतं, पण दोघांनी एकाच क्षणी नोंद केली तर दोन्ही तपासण्या पार होऊ शकतात. खात्री डेटाबेसच देऊ शकतो. २.२ पासून 'युनिककॉन्स्ट्रेंट'ला (तीच किंमत पुन्हा येऊ न देणाऱ्या डेटाबेसच्या नियमाला) अट जोडता येते, त्यामुळे 'परत आल्याची तारीख रिकामी असेल तेव्हा पुस्तक एकमेव' असं लिहिलं. 'एसक्यूएलमायग्रेट'ने दाखवलं की त्यातून अटीसह एक युनिक इंडेक्स बनतो. एसक्यूएलाइटलाही ते जमतं. ४.१ पासून असे कॉन्स्ट्रेंट फॉर्म तपासतानाही पाहिले जातात, म्हणून नियम मोडला तर कोरा एररचा पडदा न येता फॉर्मवरच संदेश दिसतो. मूळ संदेश कॉन्स्ट्रेंटच्या नावाचा असतो, सभासदाला त्याचा उपयोग नाही. मी तिथे 'हे पुस्तक अजून परत आलेलं नाही' असं लिहिलं.

अ‍ॅडमिनमध्ये मॉडेल्स नोंदवायला एकेक ओळ. सभासदाचं मॉडेल मात्र 'यूझरअ‍ॅडमिन'बरोबर नोंदवायचं. साध्या नोंदणीत पासवर्डचं फील्ड इतर फील्डांसारखंच उघडं येतं, आणि तिथे कोणी पासवर्ड टाइप केला तर तो प्रक्रिया न होता तसाच साठतो. एवढं केलं आणि शोध, गाळणी, बदलांचा इतिहास ह्यांसकट नोंदी करण्याचा पूर्ण पडदा तयार. जँगो २००३ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्ससमधील लॉरेन्स शहरात, एका वर्तमानपत्राच्या वेब विभागात एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांच्या हातून घडायला लागला, आणि जुलै २००५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. बातमीच्या घाईत बनलेली वेबसाइट आणि तीत मजकूर भरणारे, प्रोग्रॅमिंग न जाणणारे लोक, ही त्याची मूळ गरज. अ‍ॅडमिन त्या गरजेला किती नेमकं उत्तर आहे ते पुस्तकांची यादी भरताना जाणवतं. गटातली ज्येष्ठ सभासद, जिने कधी टर्मिनल पाहिलेलं नाही, ती काही न विचारता नोंदी करू लागली.

सर्व्हरवर नेण्याआधी 'चेक --डेप्लॉय' चालवलं. डीबग चालू आहे, परवानगी असलेल्या होस्टची यादी रिकामी आहे, सेशन आणि सीएसआरएफच्या (दुसऱ्या साइटवरून आलेली फसवी विनंती ओळखण्याच्या) कुकी फक्त एचटीटीपीएसवर पाठवायच्या ठरवलेलं नाही, एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर वळवणं बंद आहे, अशी यादी आली. किल्लीबद्दल तक्रार नव्हती, कारण ती आधीच बदललेली होती. उपसर्ग 'जँगो-इनसिक्युअर-' असेल, लांबी ५० पेक्षा कमी असेल किंवा वेगवेगळी चिन्हं पाचपेक्षा कमी असतील तर ही तपासणी तक्रार करते. डेव्हलपमेंट आणि सर्व्हर ह्यांतला फरक मी एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्सवर ठेवला आणि एकेक सूचना मिटवली.

एचएसटीएसबद्दलची सूचना मात्र जाणूनबुजून तशीच ठेवली आहे. ती सेटिंग चालू केली की ब्राउझर दिलेल्या सेकंदांपर्यंत ही साइट फक्त एचटीटीपीएसनेच उघडायची हे लक्षात ठेवतो. मधेच प्रमाणपत्रात काही बिघडलं तर ती मुदत संपेपर्यंत सभासदांना आत येता येणार नाही, आणि सर्व्हरवरची सेटिंग काढून टाकली तरी त्यांच्या ब्राउझरची आठवण पुसली जात नाही. प्रमाणपत्राचं नूतनीकरण एकदा आपोआप झालेलं दिसलं की ३६०० सेकंदांपासून सुरुवात करणार आहे, वर्षाचा आकडा त्यानंतर.